प्रकृती, वात, पित्त, तामसी: आपण बोलतो तो अर्थ आणि आयुर्वेदातला अर्थ

२०२४ च्या शेवटी आयुष मंत्रालयाचं 'प्रकृती परीक्षण' अभियान झालं, एक कोटीच्या वर लोकांची प्रकृती तपासली त्यात. आमच्या ऑफिसातही एक वैद्य आले होते, मोबाइलवर प्रश्न विचारून भरून घेत होते, झोप कशी लागते, केस कसे आहेत, राग पटकन येतो का वगैरे. माझी निघाली वात-पित्त. घरी सांगितलं तर आई म्हणाली वात? तुला कुठे सांधेदुखी आहे?

तर प्रश्न असा की प्रकृती म्हणजे नक्की काय. 'काकांची प्रकृती बरी नाही' म्हणतो तेव्हा आजची तब्येत असते ना, मग 'वात प्रकृती' हा काय आजार समजायचा का? आणि कॉलेजात असताना एका वैद्यांनी मला कफ सांगितला होता, तो आता गेला कुठे?

*

आईंचा गोंधळ अगदी रास्त आहे, मराठीनेच केलाय तो. आपल्या बोलण्यात प्रकृती म्हणजे तब्येत, ती सुधारते, बिघडते, ढासळते, तोळामासा होते. आयुर्वेदात प्रकृती म्हणजे मुळातली घडण. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार सुश्रुत सांगतो की शुक्र आणि शोणित (बापाचं आणि आईचं बीज) यांचा संयोग होतो त्या वेळी वात, पित्त, कफ यांतला जो दोष वरचढ असेल त्याने प्रकृती ठरते, म्हणजे जन्माच्याही आधी. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण मात्र मूळ अर्थाला धरून आहे, तिथे कोणी तब्येत म्हणत नाही.

आणि बदलण्याचं म्हणाल तर सुश्रुताचं म्हणणं ऐकून घाबरू नका 😄 प्रकृती वाढत नाही, घटत नाही, पालटत नाही, पालटलीच तर माणसाचं आयुष्य संपत आलंय असं समजावं, असं त्याच्या ग्रंथाच्या शारीरस्थान या भागात आहे. तेव्हा कफाची वात-पित्ताची झाली असं म्हणण्यापेक्षा दोनातल्या एका वैद्यांची तपासणी घाईत झाली असं म्हणणं जास्त तब्येतीला चांगलं.

*

हो पण मग दोष का म्हणतात? दोष म्हणजे वाईट. जन्मतःच माझ्यात दोष आहे असं कोणी सांगितलं तर कसं वाटेल, पत्रिकेत मंगळदोष निघाल्यासारखं.

*

दोष हा शब्द दुष् धातूवरून, दूषित करणारा. पण हेच तिघं समतोल असले की शरीर धरून ठेवतात, तेव्हा त्यांनाच धातू, म्हणजे धारण करणारे, म्हटलंय. काम एकच माणूस करतो पण चांगला वागला तर कार्यकर्ता आणि बिघडला तर गुंड, तसलं काहीतरी.

तिघांची नावं कशावरून आली हेही सुश्रुतच सांगतो. 'वा' म्हणजे जाणे, हालचाल, त्यावरून वात. 'तप' म्हणजे तापणे, त्यावरून पित्त. 'श्लिष्' म्हणजे मिठी मारणे, चिकटणे, त्यावरून श्लेष्मा, म्हणजेच कफ. म्हणजे मुळात ही तीन कामं आहेत, हलवणं, शिजवणं, जोडून धरणं. आपण मराठीत या कामांची नावं आजारांना देऊन टाकली. वात म्हणजे गुडघे, पित्त म्हणजे अ‍ॅसिडिटी, कफ म्हणजे खोकल्यातून पडतो तो. पित्ताचे तर पाच प्रकार आहेत, पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक, त्यातला एक डोळ्यात, एक त्वचेत, आणि साधक तर हृदयात, बुद्धीशी संबंध असलेला. जळजळ आणि आंबट ढेकर याला वेगळा शब्द आहेच, अम्लपित्त, पण तो कोण वापरतो.

*

कोकणातून एक भर. 'अंगावर पित्त उठलं' की आमच्याकडे आमसुलं भिजत घालून ते पाणी अंगाला चोळतात. याला ग्रंथात शीतपित्त म्हणतात, आणि गंमत म्हणजे माधवनिदानात, रोगांच्या निदानावरच्या जुन्या ग्रंथात, त्याची सुरुवात पित्तापासून नाहीच, गार वारा लागून कफ आणि वात बिघडतात आणि मग पित्ताला सोबत घेऊन पसरतात असं आहे. आपण बिल एकट्या पित्ताच्या नावावर फाडतो.

वातावरही किती बोलतो आपण. वाल-पावटे वातूळ. तापात बरळायला लागला की 'वात झालाय'. आणि पोरांनी छळलं की 'वात आणलाय नुसता'. (समईतली ती वात निराळी हं, ती स्त्रीलिंगी, संस्कृत वर्ती वरून आलेली. आलेला तो वात, लावलेली ती वात.)

*

शरीराचं झालं, मनाचं कोणीच बोललं नाही अजून. तिथे मराठीने जास्त मोठा घोळ घातलाय.

चरकाने, म्हणजे सुश्रुतासारख्याच दुसऱ्या जुन्या ग्रंथकाराने, सुरुवातीलाच म्हटलंय, शरीराचे दोष तीन, वायू पित्त कफ, आणि मनाचे दोन, रज आणि तम. दोनच! सत्त्व दोषात नाही. उलट चरक सत्त्व हा शब्द मन याच अर्थाने सर्रास वापरतो, सत्त्व, आत्मा आणि शरीर हे तिघं तिवईसारखे एकमेकांच्या आधाराने उभे आहेत असं. त्यामुळे 'तुमचा सात्त्विक दोष वाढलाय' असलं कुठे वाचलंत तर पुढे वाचू नका.

पुढे शारीरस्थानात चरक मनाचे सोळा प्रकार देतो, सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. सात्त्विकात ब्राह्म, आर्ष, ऐंद्र, याम्य, वारुण, कौबेर, गांधर्व. राजसात आसुर, राक्षस, पैशाच, सार्प, प्रैत, शाकुन. तामसात पाशव, मात्स्य आणि वानस्पत्य. आता नीट बघा, रागीट, भांडखोर, मत्सरी, चिडलं की फणा काढणारी बहुतेक माणसं राजसात आहेत. तामसात कोण, तर खाणं नि झोपणं यापलीकडे काही नको असलेली, बुद्धी मंद असलेली, शेवटचा प्रकार तर सरळ झाडासारखा. गीतेतही क्रोध रजोगुणातून येतो असंच आहे.

आणि आपण? 'बाबा फार तामसी आहेत हो' म्हणजे बाबा ताट भिरकावतात! बाबा खरं तर राजस. पण राजस म्हटलं की मराठी माणसाला आठवतो 'राजस सुकुमार मदनाचा पुतळा', तुकोबांचा विठ्ठल, देखणा, राजबिंडा. त्यामुळे चिडक्या माणसाला राजस म्हणायची सोयच उरली नाही आणि ते सगळं ओझं तामसी या शब्दावर गेलं. वर आपला 'सात्त्विक संताप' आहेच, म्हणजे राग आला तरी तो चांगल्या घरातला.

*

तामसी जेवण म्हणतात त्यातही तेच झालंय मग, तिखट आणि लसूण घातलेलं म्हणजे तामसी. गीतेत फार तिखट, फार आंबट, फार खारट हा आहार राजस लोकांना प्रिय म्हटलाय, तामस म्हणजे शिळं, उष्टं, वास मारणारं. मिसळ राजस आहे लोकहो, फ्रीजमधलं चार दिवसांचं उरलेलं तामस.

*

मूळ प्रश्नाकडे येतो कारण एक मुद्दा राहिलाच. प्रकृती बदलत नाही हे बरोबर, पण दोषांचं वर-खाली रोज चालू असतं. वाग्भटाने, चरक-सुश्रुतांनंतरच्या ग्रंथकाराने, एका ओळीत बसवलंय, वय, दिवस, रात्र आणि जेवणाचं पचन, या चारींच्या सुरुवातीला कफ, मध्ये पित्त, शेवटी वात. लहान मुलांची नाकं गळतात, मधल्या वयात पित्ताचा जोर, म्हातारपणी हाडं वाजतात. त्यामुळे कॉलेजच्या वयात सर्दीने हैराण असताना बघितलं असेल तर कोणालाही कफ वाटला असता, ते त्या वेळचं चित्र, प्रकृती नव्हे.

अजून एक, चरकाला स्वतःला 'वातप्रकृती' हा शब्दच फारसा पसंत नाही. त्याचं म्हणणं, प्रकृती म्हणजे निरोगी स्थिती, मग ज्याच्यात एक दोष जन्मापासून जास्त आहे त्याला प्रकृतिस्थ कसं म्हणणार. तो अशा माणसांना वातल, पित्तल, श्लेष्मल म्हणतो आणि वर त्यांना 'सदातुर' ठरवतो, म्हणजे कायमचे पेशंट. समदोष तेवढे निरोगी. म्हणजे तुमच्या आईंनी वात ऐकून आजार विचारला तर चरक आईंच्या बाजूने उभा राहिला असता. सुश्रुताची बाजू वेगळी, विषात जन्मलेला किडा विषाने मरत नाही तसा आपल्या जन्माचा दोष आपल्याला मारत नाही.

*

वा, आईला हे वाचून दाखवतो, चरक आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर ती काय ऐकतेय आता.

जाता जाता, लग्नाच्या वेळी 'एकनाड आहे' म्हणतात ती नाडी आणि वैद्य मनगटावर बघतात ती एकच का? आद्य, मध्य, अंत्य यांनाही वात, पित्त, कफ जोडलेले ऐकलेत.

*

जोडतात, पण ती नाडी जन्मनक्षत्रावरून काढतात, मनगटाला हातसुद्धा लावत नाहीत. तिच्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर भांडणं होतील. आणि त्याआधी कोणीतरी 'कोठा' घ्या, जड कोठा, हलका कोठा. ग्रंथात क्रूर कोष्ठ आणि मृदू कोष्ठ आहे, आपल्याकडे क्रूरचं जड कधी झालं?