कोल्ड ब्रू चहा दर वेळी गढूळ आणि तुरट होतो : मदत हवी आहे

नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात राहते. आखाजी (अक्षय्य तृतीया) तीन आठवड्यांवर आली आहे आणि त्या दिवशी तिन्ही नणंदा, त्यांची मुले आणि भावकीतील माणसे मिळून पंचवीसएक जण आमच्या घरी असतील. जेवणात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस ठरलेलाच आहे. प्रश्न आहे तो दुपारी चारच्या चहाचा. आमच्याकडे पाहुण्याला चहाविना जाऊ देणे बरे दिसत नाही. मात्र बाहेर पारा 43-44 अंशांवर असताना दुधाचा वाफाळता कप हातात दिला की समोरच्या माणसाला पहिल्या घोटालाच घामाच्या धारा लागतात. पन्हे, ताक, लिंबाचे सरबत हे सर्व असतेच, परंतु ज्याला चहाची तलफ आली आहे त्याची तलफ पन्ह्याने भागत नाही.

दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. माझे सासरे 71 वर्षांचे आहेत. पहाटे केळीच्या बागेत जातात, अकराच्या सुमारास परततात आणि दिवसभरात सहा-सात कप गोड चहा घेतात. डॉक्टरांनी त्यांना साखर कमी करण्यास सांगितले आहे. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला त्याचा एकुलता एक शौक सोडा म्हणणे मला जमत नाही, म्हणून चहाच असलेला, पण थंड, बिनदुधाचा आणि थोड्या साखरेत गोड लागणारा काही प्रकार मी शोधत आहे. थंड पाण्यात भिजवलेला चहा, म्हणजे कोल्ड ब्रू, कडवट होत नाही, असे वाचल्यामुळे आशा वाटली. प्रत्यक्षात मात्र तीन वेळा करूनही तो बिघडला.

पहिल्या वेळी मी नेहमीसारखा कडक कोरा चहा उकळून गाळला, निवू दिला आणि फ्रिजमध्ये ठेवला. गरम असताना तो तांबूस आणि स्वच्छ होता, पण दोन तासांनी पाहिले तर पेल्यात मातीचे पाणी ओतल्यासारखा दिसत होता, आणि वर एक पातळ, तेलकट चमक असलेला तवंग आला होता, जो चमच्याने हलवल्यावर पापुद्र्यासारखा तुटत असे. दुसऱ्या वेळी एक लिटर पाण्यात सहा चमचे दाणेदार पत्ती घालून बरणी फ्रिजमध्ये रात्रभर, सुमारे दहा तास, ठेवली. चव इतकी तुरट झाली की जीभ कोरडी पडली, आणि गाळणीतून निसटलेला भुगा तळाशी बोटभर साचला. तिसऱ्या वेळी फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून माठातले गार पाणी घेऊन पातेले झाकून ओट्यावरच ठेवले. सकाळी त्याला आंबूस वास येत होता आणि ओतताना धार किंचित चिकट वाटली, म्हणून ते सर्व टाकून दिले.

आमच्याकडे पाणी बोअरचे असून चांगलेच जड आहे. गीझरची कॉइल आणि चहाचे पातेले दोन्ही लवकर पांढरे पडतात. फ्रिज 190 लिटरचा आहे आणि आखाजीच्या दिवशी त्यातला मोठा भाग आमरसाच्या पातेल्यांना लागेल. दुपारी वीज जाते. एवढ्या मर्यादेत पंचवीस माणसांना पुरेल असा स्वच्छ रंगाचा, तुरट नसलेला थंड चहा करता येईल का? चूक पत्तीची आहे, पाण्याची आहे की वेळेची, हे कृपया कोणीतरी समजावून सांगावे.

प्रतिसाद 1

ताई, माझा जळगावात सुट्या चहापत्तीचा व्यवसाय आहे. तुमच्या वर्णनावरून पत्ती, प्रमाण आणि पाणी या तिन्ही ठिकाणी अडचण दिसते, पण सर्वांत मोठी अडचण पत्तीची आहे.

आपण घरोघरी वापरतो ती दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. 1930 च्या दशकात आसाममध्ये ही पद्धत सुरू झाली. पान यंत्रात चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे वळतात, आणि दूध-साखरेतही टिकेल असा रंग व कडकपणा चटकन उतरावा हाच तिचा हेतू. त्यामुळे तिला दहा तास भिजवणे म्हणजे तिच्यातला सगळा तुरटपणा पिळून काढणे होय. त्याऐवजी अख्ख्या पानांचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स प्रकारचा चहा घ्यावा. त्यातही दक्षिणेतील निलगिरी डोंगरांतला घेतल्यास उत्तम, कारण तो थंड झाल्यावर सहसा गढूळ होत नाही आणि बर्फाच्या चहासाठी त्याला त्याच गुणामुळे मागणी असते. दार्जिलिंगही सुरेख लागतो, पण पंचवीस माणसांसाठी तो खर्च करण्याची गरज नाही.

प्रमाण लिटरला 8 ते 10 ग्रॅम ठेवावे. अख्खी पाने फुगीर असल्याने चमच्याचा अंदाज फसतो. शक्य असल्यास वजन करावे. फ्रिजमध्ये काळ्या चहाला 8 तास पुरेत, हिरव्याला 4 ते 6. घरात सीटीसीच असेल तर लिटरला 5 ग्रॅमच घालावी, तीन तासांत काढावी आणि ओल्या मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळावी. चव चालण्यासारखी येते, पण निलगिरीची सर तिला येत नाही.

प्रतिसाद 2

मी धुळ्यात अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून गढूळपणा आणि तो आंबूस वास या दोन गोष्टींविषयीच लिहिते.

कडक गरम चहा थंड होऊ लागला की त्यातील कॅफिन आणि रंग देणारी द्रव्ये एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगू लागतात. पहिल्या प्रयत्नात तुम्हाला दिसले ते हेच. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियममुळे हे वाढते, आणि वरचा तवंगही त्याच कॅल्शियममुळे येतो. थंड पाण्यात तुरटपणा आणणारी कॅटेचिने आणि कॅफिन सावकाश व कमी उतरतात, तर चवीला गोडसरपणा देणारी अमिनो आम्ले सहज उतरतात. थंड भिजवलेला चहा मऊ लागतो तो यामुळे. कॅफिन कमी असले तरी असतेच, म्हणून लहान मुलांना तो देऊ नये.

तुमच्या बोअरच्या पाण्यावर सोपा उपाय आहे. आदल्या दिवशी पाणी दहा मिनिटे खळखळ उकळावे, झाकून पूर्ण निवू द्यावे आणि तळाचा पांढरा साका न हलवता वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. जडपणाचा एक भाग तळाशी बसतो, शिवाय पाणी निर्जंतुक होते. गावात आरओचे पाणी मिळत असेल तर तेही चालेल.

माठाबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. खान्देशच्या कोरड्या हवेत माठातले पाणी छान गार होते, तरीही बाष्पीभवनाने मिळणारा गारवा फ्रिजच्या 4-5 अंशांपर्यंत कधीच जात नाही. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, आणि थंड चहात पत्तीवरचे जंतू मारायला उकळी नसते. धार चिकट होणे ही जंतू वाढल्याचीच खूण आहे. ते टाकून दिलेत हे फार योग्य केलेत. उन्हात बरणी ठेवून चहा करण्याची पद्धतही याच कारणाने टाळावी. भिजवणे फ्रिजमध्येच व्हावे, आणि तयार चहा 24 तासांत संपवावा.

प्रतिसाद 3

जागा वाचवण्यासाठी दुप्पट कडक अर्क करावा. सव्वादोन लिटर पाण्यात 40 ग्रॅम पाने घालून रात्री ठेवावे. भिजलेली पाने बरेच पाणी धरून ठेवतात, त्यामुळे हाती दोन लिटर येतो. देताना उकळून माठात गार केलेले तेवढेच पाणी मिसळले की चार लिटर, म्हणजे 150 मिलिलिटरचे पंचवीस पेले होतात आणि फ्रिजमध्ये दोन बाटल्यांचीच जागा लागते. वीज जाणार असेल त्या वेळात फ्रिज उघडू नये.

साखर थंड चहात लवकर विरघळत नाही, तळाशी बसते आणि माणूस आणखी एक चमचा मागतो. साखर आणि पाणी समप्रमाणात गरम करून पातळ पाक करावा आणि तो वेगळा ठेवावा, म्हणजे ज्याचे त्याला प्रमाण ठरवता येते. लिंबू व पुदिना पेल्यातच घालावा. लिंबाची साल रात्रभर भिजली तर कडू होते. मुलांसाठी परसातला गवती चहा आणि बडीशेप उकळून, गाळून गार करावी. कच्ची पाती थंड पाण्यात टाकू नये, तिला माती असते.

धागाकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. भाच्याकडून जळगावहून पाव किलो निलगिरी चहाची पाने मागवली आणि परवा रात्री एका लिटरचा प्रयोग केला.

पाणी उकळून निवल्यावर पातेल्याच्या तळाशी खरोखरच चुन्यासारखा थर बसला होता. हेच पाणी आपण रोज पितो हे पाहून थोडे दचकायला झाले. 9 ग्रॅम पाने घातली आणि सकाळी सहाला, बरोबर आठ तासांनी, फडक्यातून गाळली. रंग मधासारखा होता आणि पेल्यामागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे त्यातून वाचता येत होती. लिंबाचे चार थेंब पडताच तो रंग आणखी उजळला. तुरटपणा जिभेच्या टोकाला जेमतेम जाणवतो, आणि तेवढा असावाही, नाहीतर तो चहा वाटणार नाही.

सासरे बागेतून आल्यावर त्यांना काही न सांगता पेला दिला. त्यांनी सवयीने बशी मागितली, थोडा चहा बशीत ओतला, फुंकर मारायला तोंड पुढे नेले आणि थांबले. मग सावकाश घोट घेतला. दुधाचा नाही हे त्यांच्या लक्षात आले होतेच, तरी काही न बोलता बशी रिकामी केली आणि उरलेला चहा पेल्यानेच प्यायले. पाक मी एकच चमचा घातला होता. दुपारी चारला त्यांनी स्वतःच विचारले, "सकाळचा तो गार चहा उरला आहे का?"

रविवारी दोन लिटरचा दुप्पट अर्क करून पाहणार आहे. पानांचा तोच चोथा दुसऱ्यांदा भिजवला तर चव उतरते का, हे एवढे कोणी अनुभवाने सांगितले तर आखाजीच्या खरेदीचा अंदाज बांधता येईल.

प्रतिसाद 1

ताई, उतरते, पण फिकट. दुसऱ्या वेळी पाणी निम्मे घ्यावे, रात्रभर ठेवावे आणि तो घरच्यांपुरता वापरावा. चोथा मधल्या काळात ओट्यावर न ठेवता लगेच पुन्हा थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. पाहुण्यांसाठी मात्र ताजी 40 ग्रॅमच धरा. तुमच्या पाव किलोत आखाजी होऊन सासऱ्यांचा अख्खा मे महिना निघेल.