मॅकडफचा शोक नेमका कुठे पेटतो?

गोदाकाठ:
गंगापूर रोडवरील एका गच्चीवर आम्ही हौशी मंडळी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील निवडक प्रवेश बसवत आहोत. चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात राजाचा खून करून गादी बळकावणाऱ्या मॅकबेथने घडवलेल्या बायकामुलांच्या कत्तलीची बातमी रॉसकडून ऐकताच आमचा मॅकडफ (स्कॉटलंडचा सरदार) गर्जना करतो आणि त्याचा हात तलवारीकडे (तूर्त लाकडी फुटपट्टीकडे) जातो. मला ते खटकते. त्याचे म्हणणे असे, की दुःखाचा संताप होऊ दे असे माल्कमच (खून झालेल्या राजाचा मुलगा) सांगतो, तर संताप दाखवायचा नाही का? जाणकारांनी मत द्यावे.

विंगेतला:
आपल्या नटाने माल्कमचे वाक्य वाचले, पण मॅकडफचे उत्तर वाचले नाही, असे दिसते. डोळ्यांनी रडणे आणि जिभेने बढाया मारणे मलाही जमले असते, असे म्हणून तो दोन्ही टाळतो आणि त्या राक्षसाला, म्हणजे मॅकबेथला, माझ्या तलवारीच्या टप्प्यात आणून उभे करा, एवढेच मागतो. त्याआधी तर तो बोलतही नाही, टोपी कपाळावर ओढून घेतो, मग मुलेही? बायकोही? सगळीच? असे तेच तेच विचारत राहतो, कारण ऐकलेले त्याच्या गळी उतरलेले नसते. गर्जनेला तिथे जागाच नाही.

पंचवटीकर:
सहमत आहे, मात्र एक धागा सुटला. मॅकडफचा पहिला रोष स्वतःवर आहे. घरच्यांना फाइफमधील आपल्या गढीत असुरक्षित सोडून तो इंग्लंडला आला, आणि याच प्रवेशात माल्कमने त्याला त्याबद्दल आधी टोचलेलेही आहे. म्हणूनच ते सारे माझ्या पापामुळे मारले गेले, असे तो म्हणतो. पाचव्या अंकात भाडोत्री सैनिकांवर हात उचलायला तो तयार नाही. मॅकबेथ दुसऱ्या कुणाच्या हातून मेला तर बायकामुलांची भुते आपली पाठ सोडणार नाहीत, ही त्याची धास्ती आहे. माझ्या मते तो सूड कमी आणि फेडायचे ऋण जास्त आहे. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' याच नाटकावरून आलेले आहे; नाशिककरांनी तेही शेजारी ठेवून वाचावे.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. काल फुटपट्टी काढून घेतली. टोपी नव्हती, म्हणून त्याने गळ्यातला मफलर डोळ्यांवर ओढला आणि 'सगळीच?' हे इतके हळू विचारले, की रॉसचे काम करणारा आपले पुढचे वाक्यच विसरला.