स्थिर आयपी कुणाला दिलाय, हे जगाला दिसावं का?

सांवेर रोडकर

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या चार-पाच छोट्या कारखान्यांचं नेटवर्क मी बघतो. त्यातल्या एका औषधवाल्यांच्या मेल गेल्या महिन्यात जर्मनीतल्या खरेदीदाराकडून सलग तीन दिवस परत येत होत्या. मशीनं तपासली, पासवर्ड बदलले, काही सापडेना. शेवटी परत आलेल्या मेलमधला मजकूर नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. बंदी आमच्या आयपीवर (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर) नव्हतीच, आमच्यासकट २५६ पत्त्यांच्या अख्ख्या ब्लॉकवर होती. त्याच ब्लॉकमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून स्पॅम जात होता.

कुठला आयपी कुणाकडे आहे हे दाखवणाऱ्या हूइज या उघड यादीत बघितलं तर २५६ च्या २५६ पत्त्यांपुढे एकच नाव, प्रोव्हायडरचं. त्यातले आठ आम्हाला दिलेत, पण तसं कुठेच लिहिलेलं नाही. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा असते, पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला रस्ता. इथे ती नाही. मग बंदी घालणाऱ्याने स्पॅमवाला कुठे संपतो आणि आम्ही कुठे सुरू होतो हे कशावरून ओळखायचं?

माझं स्पष्ट मत आहे की स्थिर, म्हणजे न बदलणारा आयपी घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची वेगळी नोंद हूइजमध्ये उघड असावी, नाव आणि तक्रारीच्या ईमेलसकट. आपल्याकडे निक्सी या संस्थेची आयआरआयएनएन ही शाखा ही नोंदवही २०१२ पासून सांभाळते, तिच्या वर आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक आहे. सोय आहे, कंटाळा केला जातो.

रामबागवाली

नाव उघड करायला माझा पूर्ण विरोध आहे.

मी सीए आहे, घरून काम करते. एका क्लायंटचा सर्व्हर ठरावीक आयपीवरूनच उघडतो म्हणून स्थिर आयपी घ्यावा लागला. प्रोव्हायडरच्या फॉर्मवर माझं नाव, घर नंबर, मजला, मोबाइल सगळं भरलंय. ते तसंच्या तसं हूइजमध्ये गेलं तर मी ज्या ज्या साइटवर जाईन तिथल्या लॉगमधला (भेटींच्या नोंदीतला) आयपी उचलून कुणीही माझ्या जिन्यापर्यंत पोचेल. घरात मी आणि आई, दोघीच असतो.

आणि पोलिसांना माहिती लागली तर रस्ता बंद आहे का? सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. डेटा सेंटर आणि व्हीपीएनवाल्यांना तर कुणाला कुठला आयपी दिला याची नोंद पाच वर्षं जपायची आहे. मागणाऱ्याने रीतसर मागावी. एपनिकनेसुद्धा २००४ मध्येच ठरवलं की ग्राहकांच्या नोंदी मुळात झाकलेल्या राहतील, उघड करायच्या असतील तर प्रोव्हायडरने करायच्या. ते उगाच नाही ठरवलं.

पलासियाचा

नाव दिसल्याशिवाय धाक बसत नाही, ताई. गाडीला नंबरप्लेट लावतोच ना आपण?

रामबागवाली

लावतो. पण प्लेटवर माझ्या घरचा पत्ता नसतो, तो आरटीओत असतो.

सुदामा नगर

मी एका लोकल प्रोव्हायडरकडे आहे आणि अब्यूजची (गैरवापराच्या तक्रारींची) मेलबॉक्स माझ्याच गळ्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांवेर रोडकर दादा, ग्राहकाचा ईमेल नोंदवून तक्रार पोचेल, पुढे काय? सीतलामाता बाजारातल्या एका कापडाच्या दुकानातून हल्ले होत असल्याची तक्रार आमच्याकडे आली होती. नोंदीत ईमेल त्यांच्या जुन्या मुनीमजींचा, आणि ते नोकरी सोडून गेलेले. शेवटी मी स्वतः गेलो. साड्यांच्या गठ्ठ्यांमागे, गणपतीच्या तसबिरीखाली कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. बसवणाऱ्याने दिलेल्या पासवर्डची चिठ्ठी अजून त्यावर चिकटलेली, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने अशीच यंत्रं लाखांनी गोळा केली होती. शेटजींना समजावून सांगितलं तर म्हणाले, 'कैमरे तो चल रहे हैं ना?' अर्धा तास बसून पासवर्ड बदलला, बाहेरून उघडा असलेला पोर्ट बंद केला, तेव्हा हल्ले थांबले. या माणसाला जर्मनीहून इंग्रजीत मेल आली असती तर त्याने काय केलं असतं?

दुसरं, ज्यांच्याकडे स्थिर आयपी नाही असे आमचे बहुतेक घरगुती ग्राहक सीजीनॅटमागे आहेत, म्हणजे एकेका पब्लिक आयपीमागे कितीतरी घरं. तिथे नोंदीत कुणाचं नाव घालणार? तक्रारीत आयपी, अचूक वेळ आणि सोर्स पोर्ट (त्या जोडणीचा क्रमांक) तिन्ही असतील तरच लॉगमध्ये घर सापडतं. पोर्ट नसला तर मी हात जोडतो.

वेळेवरून आठवलं. माझ्याकडून एक चूक झालीय, ती अजून टोचते. तक्रारीत ०२:१४ लिहिलं होतं, मी रात्रीचे सव्वादोन धरून लॉग काढला आणि एका पॅथॉलॉजी लॅबची लाइन तोडली. वेळ यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) होती, म्हणजे आपल्याकडची सकाळची ०७:४४, आणि त्या वेळी तो आयपी दुसऱ्याकडे होता. अकरा वाजेपर्यंत लॅबचे रिपोर्ट अडकले, पेशंट बाकावर बसून होते. तेव्हापासून प्रत्येक तक्रारीवर मी आधी आपली वेळ हाताने लिहितो, मगच लॉग उघडतो.

तर माझं मत असं की नाव कुणाचं यापेक्षा मेलबॉक्स कोण वाचतं याला महत्त्व आहे. ते काम प्रोव्हायडरचंच.

सांवेर रोडकर

सुदामा नगर, तुमची मेलबॉक्स वाचली जाते, आमच्या प्रोव्हायडरच्या ग्राहकांचं तसं नशीब नाही. मी तीन मेल टाकल्या, एकीलाही उत्तर नाही. एपनिकच्या नियमात तक्रारीचा पत्ता दर सहा महिन्यांनी तपासायचा आहे, पण त्यात लिंकवर क्लिक केलं की झालं. पत्ता चालू आहे एवढं सिद्ध होतं. मेल वाचून कुणी उठलं का, हे कोण बघणार? तुमच्यासारखा माणूस नसेल तिथे ग्राहकाला स्वतःचा पत्ता लावता यायलाच हवा.

रामबागवाली

दादा, तुमचं नुकसान मला कळतंय. पण तुमचीच चतुःसीमा बघा. तिथे खरी गरज रेघेची आहे. 'हे आठ पत्ते वेगळ्या ग्राहकाकडे आहेत' एवढं दिसलं आणि नावाच्या जागी 'खासगी ग्राहक' असलं, तरी बंदी घालणाऱ्याला आठच पत्ते अडवता येतात. अमेरिकेतल्या नोंदणीत आठ किंवा जास्त पत्ते दिले की सात दिवसांत नोंद करावी लागते, आणि घरगुती ग्राहकाचं नाव व रस्ता झाकता येतो. तसं इथे करायला काय हरकत आहे?

सांवेर रोडकर

घरासाठी मान्य. हा फरक मी पहिल्यांदा केला नव्हता, तो माझाच दोष. पण कंपनीसाठी नाव उघडच हवं. आमच्या औषधवाल्यांना तर स्वतःचं नाव दिसायला हवंय, लपवायला काही नाही.

आणि आयपीव्ही६ वर, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, रेघेवाचून चालणारच नाही. तिथे एकेका घराला बऱ्याचदा स्लॅश ५६, म्हणजे पत्त्यांची भलीमोठी पट्टी देतात. ती कुठे संपते हे कळलं नाही तर अडवणारा एक पत्ता अडवून फसेल, नाहीतर अख्खी गल्ली अडवेल.

रामबागवाली

कंपनी म्हणजे नेमकं कोण? माझी फर्म माझ्याच नावाची आहे आणि ऑफिस म्हणजे माझी पुढची खोली. टिफिनवाल्या, शिकवण्या घेणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी जणींचं असंच आहे. कागदावर धंदा, पत्ता घरचा. त्यांना कुठल्या रकान्यात घालणार?

सुदामा नगर

एक अडचण रोजच्या कामातली सांगतो. कनेक्शन देताना उत्साहाने नोंद होते, काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे लाइन बंद करायच्या फॉर्मवर राउटर परत घेतला का, डिपॉझिट दिलं का, हे रकाने आहेत. हूइजची नोंद काढली का, हा नाही. पुढच्या ग्राहकाचा स्पॅम आधीच्याच्या नावावर चढेल. हा रकाना छापून घ्यावा म्हणून सोमवारी साहेबांशी बोलतो.

सांवेर रोडकर

आवर्जून बोला. मीही आमच्या आठ पत्त्यांचा अर्ज लिहून ठेवलाय: कारखान्याचं नाव, तक्रारीचा ईमेल कारखान्याच्या डोमेनवरचा, वाचणार मी. ताई, एकल मालकीच्या फर्मचं उत्तर माझ्याकडे नाही. मालकाला विचारून त्याने लेखी हो म्हटलं तरच नाव घालावं, असं चालेल का?

रामबागवाली

चालेल. फक्त ती सही कनेक्शनच्या फॉर्ममध्येच बारीक अक्षरात उरकू नये. वेगळ्या कागदावर, वाचायला देऊन घ्यावी.