उत्तर इंग्लंडची मूरलँड: गाड्यांच्या रस्त्यापासून दूर, सामानासकट सायकलिंग

मुलुंडपूर्व:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये मँचेस्टरला उतरून दहा दिवस सायकलवर फिरायचा बेत आहे. उघडे डोंगर, हीदर (जांभळ्या फुलांची झुडपं), पीट (कुजलेल्या वनस्पतींची काळी माती) हे सगळं बघायचंय, पण गाड्यांच्या रस्त्यावर कमीत कमी वेळ. सायकल स्टीलची टूरर, ३२ मिमी टायर, गिअरचे दात पुढे ५०/३४, मागे ११-३२, डिस्क ब्रेक, दोन पॅनियर (चाकाच्या कडेला लटकणाऱ्या पिशव्या) मिळून १४ किलो. सराव येऊरच्या चढावर आणि नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालू आहे. मोन्सल ट्रेल या जुन्या रेल्वेवरच्या सायकलवाटेचं नाव सगळीकडे दिसतं. तेवढाच धरून आजूबाजूला फिरावं, की आणखी काही जोडता येईल? हे गिअर-टायर पुरतील का? आणि नकाशावर सायकलला परवानगी असलेली वाट कशी ओळखायची?

रुळवाट:
मोन्सल ट्रेल सुंदर आहे, पण ती मूर नाही. तो पीक डिस्ट्रिक्टमधला व्हाइट पीक, म्हणजे चुनखडीचा भाग: हिरवी कुरणं, दगडी कुंपणं, खोल दऱ्या. मूर हवी असेल तर डार्क पीक, उत्तर पेनाइन्स किंवा नॉर्थ यॉर्क मूर्स. आपल्या कोकणातल्या सड्यासारखं उघडं माथं, फक्त खाली जांभ्याऐवजी काळं, पाणी धरून ठेवणारं पीट. त्यावर मोकळेपणी सायकल चालत नाही, चाक रुततं. म्हणून तिथले गाडीविरहित मार्ग बहुतेक बंद पडलेल्या रेल्वे लायनींवर आहेत. रुळांचा चढ मंद असतो, हा मोठाच फायदा. तोटा असा की अशी लायन दरीच्या कडेने चढते आणि माथ्याशी आली की बोगद्यात शिरते. बोगदा बंद असेल तर माथा तुम्हाला वरून ओलांडावा लागतो. बेत आखताना हे जोड आधी बघा, बाकी सोपं आहे.

पहिला दिवस लाँगडेंडेल ट्रेलने करा. मँचेस्टर पिकॅडिलीहून हॅडफिल्डपर्यंत लोकल गाडी आहे. तिथून जलाशयांच्या काठाने वुडहेडपर्यंत साडेदहा किलोमीटर, सगळी जुनी रेल्वे. ही लायन १९८१ साली बंद झाली. तिचे इंजिन १५०० व्होल्ट डीसीवर चालत, मुंबईच्या जुन्या लोकलसारखेच, हे तिथून जाताना आठवायला छान वाटतं. वुडहेडचे बोगदे सायकलला बंद आहेत, नव्या बोगद्यातून विजेच्या केबल नेल्या आहेत. त्यामुळे ट्रान्स पेनाइन ट्रेलच्या (किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या लांब वाटेच्या) पाट्यांमागे डोंगरावरून जायचं. हाच खरा मूरचा तुकडा. खडबडीत वाट, उघडा वारा आणि ए६२८ हा वेगवान ट्रकांचा रस्ता ओलांडणं. तिथे सिग्नल असेल असं समजू नका. उतरून, दोन्ही बाजू रिकाम्या दिसल्यावरच सायकल ढकलत पार करा. पलीकडे डनफर्ड ब्रिजला पुन्हा रेल्वेची सपाट वाट लागते ती थेट पेनिस्टनपर्यंत. पेनिस्टनला स्टेशन आहे, शेफील्ड आणि हडर्सफील्ड दोन्हीकडे गाड्या मिळतात. दिशा हीच ठेवा, पश्चिमेकडून पूर्वेकडे, कारण वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो.

मेणबत्ती_कॅसेट:
गिअरबद्दल. ३४ ला ३२ म्हणजे एका पेडल-फेरीत साधारण २.३ मीटर. रेल्वेच्या चढाला हे भरपूर झालं. प्रश्न जोडवाटांचा आणि जुन्या 'इन्क्लाइन'चा, म्हणजे रेल्वेच्या सरळ तीव्र चढांचा आहे. मोन्सलच्याच भागातला हाय पीक ट्रेल ज्या रेल्वेवर आहे ती १८३० च्या दशकातली. डबे वाफेच्या स्थिर इंजिनाने साखळी-दोराने ओढून चढवत. मिडलटन इन्क्लाइनचा चढ ८ ला १ (८ मीटरला १ मीटर) च्या जवळपास आहे, शीप पास्चरचाही तसाच. १४ किलो लादून ३४/३२ वर तो चढणं म्हणजे गुडघ्यांवर अत्याचार. पुढे ४६/३० बसवा, मागे ११-३६ घ्या. ३०/३६ ला फेरी १.८ मीटरवर येते. मात्र आधी मागच्या डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) कमाल दात-मर्यादा आणि चेन सामावायची क्षमता मिस्त्रीकडून तपासा. छोटा केज (डिरेलरचा खालचा हात) असेल तर ३६ वर त्याचं वरचं चाक दातचक्राला घासतं, ५०/३४ तसाच ठेवून ३६ बसवलं तर पुढचं आणि मागचं दोन्ही मोठी दातचक्रं एकत्र पडताना डिरेलर ताणून तुटू शकतो. चेन नव्या कॅसेटप्रमाणे लांब करावी लागते.

टायर ३२ चे नकोत. फ्रेममध्ये बसत असतील तर ४० मिमी. दोन्ही बाजूंना किमान ५-६ मिमी मोकळी राहायला हवी, नाहीतर ओली वाळू-खडी अडकून फ्रेमचा रंग खरवडते. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलोच्या आसपास असाल तर मागे ४५-५०, पुढे ४० पीएसआय. मुंबईच्या डांबरावरची सवय म्हणून ७० भरून गेलात तर खडीवर हात सुन्न होतात आणि मागचं चाक घसरतं.

ब्रेक पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घ्या, एक जोडी जास्तीची. चुनखडीची भुकटी ओली झाली की पांढरा चिखल होऊन चेनवर आणि पॅडवर चढते, आणि साधे रेझिन पॅड लवकर झिजतात. रोज संध्याकाळी चेन पुसून ओल्या हवेचं वंगण लावा, पॅडला चुकूनही लागू देऊ नका. डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) तुमच्या फ्रेमचाच सुटा मिळत असेल तर जरूर न्या. त्याचे शेकडो प्रकार असतात, तिकडच्या गावातल्या दुकानात नेमका तोच मिळेल याचा भरवसा नाही.

मुलुंडपूर्व:
खूप आभार. हाय पीक ट्रेल मग टाळू का?

रुळवाट:
टाळू नका, दिशा नीट ठरवा. बेकवेलहून मोन्सल ट्रेल ब्लॅकवेल मिलपर्यंत १३.७ किलोमीटर आहे. बोगदे २०११ साली उघडले, दिवे फक्त दिवसा चालू असतात, तेव्हा उशीर झाला तर स्वतःचा दिवा हवा. ब्लॅकवेल मिलहून बक्स्टनला सरळ जायचं म्हणजे ए६ हा गाड्यांचा मोठा रस्ता लागतो, तो नको. त्याच वाटेने परत बेकवेलला या, मोनियाशमार्गे गावच्या लहान रस्त्यांनी पार्स्ली हे गाठा. चढ आहे, गाड्या मोजक्या असतात. पार्स्ली हे इथे दोन ट्रेल भेटतात. टिसिंग्टन ट्रेल ॲशबर्नपर्यंत २१ किलोमीटर, जवळपास सगळा हलका उतार. पण ॲशबर्नला रेल्वे स्टेशन नाही, तेवढंच परत चढावं लागतं. हाय पीक ट्रेल क्रॉमफर्डला उतरतो आणि तिथे स्टेशन आहे. म्हणून सामानासकट क्रॉमफर्ड. इन्क्लाइनवर उतरून ढकलत जा. भार, सैल खडी आणि चालणारी माणसं एकाच वेळी असतात.

उरलेले दिवस नॉर्थ यॉर्क मूर्सच्या कडेला द्या. स्कारबरो ते व्हिटबी हा सिंडर ट्रॅक, ३५ किलोमीटर, डावीकडे मूर आणि उजवीकडे समुद्र. रेव्हनस्कारचा चढ ३९ ला १. कर्जतहून खंडाळ्याला जाणारी रेल्वे ३७ ला १ ने चढते, अंदाज त्यावरून बांधा. पृष्ठभाग राख-खडीचा आहे, पावसात चिखल होतो. व्हिटबीहून गाड्या दिवसाला थोड्याच, वेळापत्रक बघूनच निघा. लांबच्या गाड्यांत सायकलची जागा आधी आरक्षित करा.

पीटपाऊल:
नकाशाचं सांगतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० एक्सप्लोरर घ्या. डार्क पीकसाठी ओएल१, व्हाइट पीकसाठी ओएल२४, सिंडर ट्रॅकसाठी ओएल२७. हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे ब्रिडलवे (घोडेवाट), तिथे सायकल चालते. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने तो हक्क दिला आहे, अट अशी की पायी आणि घोड्यावर असलेल्यांना आधी वाट द्यायची. हिरव्या आखूड रेषा फूटपाथ, तिथे सायकलचा हक्क नाही. मूरवर 'ॲक्सेस लँड' म्हणून पिवळट छटा दिसते, ती फक्त पायी फिरणाऱ्यांसाठी. बरेच जण इथे चुकतात. घोडा दिसला की लांबूनच बोला, वेग मोडा. अचानक घंटी वाजवली तर तो बिथरतो.

दोन गोष्टी मुंबईहून जाणाऱ्यांना कळत नाहीत. एक, ट्रान्स पेनाइन ट्रेलवर मोटरसायकली रोखायला इंग्रजी ए किंवा के अक्षराच्या आकाराची लोखंडी फाटकं आहेत. भरलेले पॅनियर त्यात अडकतात. चटकन निघणारे हुक असलेले पॅनियर घ्या आणि काढूनच पार व्हा. दोन, थंडी. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो म्हणून लोक निवांत असतात, पण माथ्यावर ढग आला की दहा-बारा अंश, वारा आणि पाऊस एकत्र येतात. आपला पावसाळी पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तो घरीच ठेवा. शिवणी सील केलेलं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कोरडा लोकरी थर पिशवीत वरच हवा. आणि पीट वाळलं की पेटतं, तेव्हा मूरवर स्टोव्ह पेटवू नका.

मेणबत्ती_कॅसेट:
विमानाचं राहिलं. सायकल दुकानातून रिकामा खोका मागून आणा. डावं पेडल उलट्या आट्याचं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. मागचा डिरेलर हँगरसह काढून फ्रेमच्या आत बांधा. चाकं काढल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) पॅड स्पेसर घाला, नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी. तो नसताना कोणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटतात आणि चाक परत बसत नाही.