दिव्यांग धावपटूंना दोन किलोमीटरच काऊन?

फुटाळ्याचा पळपुटा:
रविवारी सिव्हिल लाइन्समधल्या एका शर्यतीला गेलो होतो. बाकीच्यांना २१ आणि १० किलोमीटर, बिब (छातीवरचा नंबर), टायमिंग चिप. दिव्यांगांना २ किलोमीटर, हातात फुगे आणि सरसकट मेडल. वेळ कोणी घेतलीच नाही. माझा जोडीदार पूर्ण अंध. आम्ही दोरी धरून रोज पहाटे अंबाझरीकडे ८ किलोमीटर पळतो. फिनिशला म्हणतो, "वॉर्मअप झालं भाऊ, रेस कधी आहे?" त्याला गाईडसकट १० किलोमीटरमध्येच पळू द्या, वेळ लावा.

मानकापूर ट्रॅक:
बोलणं सोपं आहे. दिव्यांग म्हणजे काही एकच गट नाही. पॅरा स्पर्धांतले वर्गच बघा: टी-११ (जवळपास पूर्ण अंध) ला डोळ्यांवर पट्टी आणि गाईड दोन्ही सक्तीचे, टी-१३ (थोडंफार दिसणारे) ला गाईड मिळतच नाही, टी-४६ म्हणजे हाताचं अपंगत्व, टी-५४ रेसिंग व्हीलचेअरवर. कोण कोणत्या वर्गात हे शहरातल्या शर्यतीत ठरवणार कोण? त्यापेक्षा वेगळी दौड बरी.

पळपुटा:
वेगळी ठेवा ना, पण शर्यत तरी ठेवा! रिओ पॅरालिंपिकमध्ये २०१६ ला टी-१३ ची १५०० मीटर अल्जेरियाच्या अब्देल्लतीफ बाकाने ३:४८.२९ मध्ये जिंकली. त्याच वर्षी ऑलिंपिकचं सुवर्ण ३:५०.०० ला गेलं. (ती फायनल संथ, डावपेचाची होती, मान्य. कोणीतरी काढणारच होतं.) बाकाच्या हातात फुगा देणार का?

तर्री जास्त:
बाका नागपुरात पळून नाही राहिला. इथे पाण्याच्या टेबलापाशी डोळस माणसं एकमेकांवर आदळतात, त्यात दोरीवाली जोडी! आणि नियम लावायचे तर सगळेच लावा. पॅरिस पॅरालिंपिकमध्ये २०२४ ला स्पेनच्या दृष्टिबाधित एलेना काँगोस्तचं मॅरेथॉनचं ब्राँझ तेव्हा हातचं गेलं. गाईडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिने फिनिशच्या तोंडाशी क्षणभर दोरी सोडली, बाद. तुमच्या जोडीदाराचं असं झालं की पुन्हा धागा काढाल.

पळपुटा:
काढीन. पण बाद करायला तरी कोणी त्याच्याकडे पाहत असेल ना! गर्दीचा मुद्दा मात्र खरा आहे. व्हीलचेअर सगळ्यात आधी सोडा, मग अंध, मग आम जनता. यंदा एवढे दोनच गट करा.

मानकापूर ट्रॅक:
म्हणजे एक हात नसलेला पोरगा पुन्हा फुगेवाल्यांतच?