घरातली ओल: पेटीची पट्टी अडकते, भिंतीला बुरशी. डीह्युमिडिफायर घेऊ का?

गाणंशिकवते (देवरुख)

नमस्कार. आमचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पश्चिमेच्या खोलीत मी गाण्याचे वर्ग घेते. जूनच्या अखेरीपासून पेटीची काळी चार दाबली की खालीच बसते, बोटाने उचलून वर आणावी लागते. बहुतेक मुलींचा षड्ज तिथेच, त्यामुळे वर्गच अडतो. भात्याच्या घड्यांत पांढरी भुरी धरली आहे. परवा कपाट सरकवलं तर मागे हिरवट-काळे ठिपके आणि खाली गुडघ्यापर्यंत ऑइलपेंटचे फुगे. एक फुगा नखाने फोडला, आतून मिठासारखी पूड सांडली. सासऱ्यांना दमा आहे. मुली गायला बसल्या की दाराशी खुर्ची टाकून ऐकायचे, आता त्या वासाने पाच मिनिटंही बसवत नाही. मला तेच सगळ्यात लागतं.

ओल शोषणारे चार डबे ठेवले. आठवड्यात सगळ्यांत मिळून लिटरभर पाणी जमतं, पण वास तसाच. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, ते 91 टक्के दाखवतं. आता वीस हजारांचं डीह्युमिडिफायर घ्यायच्या बेतात आहे. कुणी वापरलंय का?

डोंबिवलीकर

ताई, आमच्याकडे फ्लॅटमध्ये आहे. दारं-खिडक्या बंद करून लावलं की कपड्यांचा कुबट वास जातो. एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड वापरून बघा, वेगळं यंत्र लागणारही नाही. फक्त डीह्युमिडिफायर खोली थोडी गरम करतं, म्हणून आम्ही बाहेर जाताना लावतो.

चिरेबंदी (कुडाळ)

ताई, इतक्यात घेऊ नका. वरचा सल्ला स्लॅबच्या बंद खोलीसाठी बरोबर आहे. तुमच्या खोलीला कौलांच्या फटींतून बाहेरची हवा येतच राहणार. यंत्र टाकीभर पाणी काढील आणि तेवढंच परत आत येईल. आमचंही घर चिऱ्याचं, या चुका करून झाल्या आहेत, म्हणून कळकळीने लिहितोय.

आधी आर्द्रता मोजायचं यंत्र खरं बोलतं का बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. घट्ट झाकणाच्या डब्यात ते आणि यंत्र रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवं. जास्त दिसलं तर तेवढं वजा धरायचं.

मग घरात पाणी येतं कुठून ते शोधा. कपडे कुठे वाळत घालता? पिळून आणलेले कपडे वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा. मधला फरक तेवढा खोलीच्या हवेत जातो. तुमचे चार डबे आठवड्यात जेवढं शोषतात त्याहून जास्त पाणी एका दिवसाची वलणी सोडते. स्वयंपाकाच्या गॅसचंही तसंच. किलोभर गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमागे बावीसेक लिटर. भाताची वाफ वेगळीच. स्वयंपाकघराचं धुराडं बुजवलं असेल तर उघडा किंवा तिथे पंखा बसवा.

पण मुख्य दुखणं ते गुडघ्यापर्यंतचे फुगे. ती हवेतली ओल नाही, जमिनीतून चढणारी आहे. चिरा पाणी पितो आणि हळूहळू हवेत सोडतो. वर चुना होता तोवर ते चालत होतं. ऑइलपेंटने तोंड बांधलं, म्हणून पाणी आत अडकतं आणि क्षार रंगाला ढकलून बाहेर येतात. तो लोणा आहे. अंगणात अलीकडे फरशी किंवा पेव्हर घातलेत का? बऱ्याच घरांत त्याने अंगण जोत्याच्या बरोबरीला येतं आणि पागोळ्यांचं पाणी उडून थेट भिंतीवर बसतं. आत्ता पन्हळ लावा, पश्चिमेला झड अडवायला झापं बांधा. रंग खरवडायचं काम मात्र भिंत सुकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ओल्या भिंतीवर कुठलाही वॉटरप्रूफ रंग मारू देऊ नका.

बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, तिचे बीजकण उडतात आणि दम्याच्या माणसाला तेच बाधतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, नाकाला मास्क बांधून, आणि आजोबा घरात नसताना. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

पेटीवाला

पेटीपुरतं लिहितो. पट्टी फुगून शेजारणीला घासते आहे, पॉलिशपेपर मारू नका. आत्ता घासलीत तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर खडखडेल. पेटी उन्हातही ठेवू नका, फळी तडकते. लाकडी कपाटाच्या तळाला 15 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा, कापड आणि कागद त्याच्यापासून हातभर लांब, आणि वरच्या फळीवर पेटी. आतली हवा 26 अंशांवरून 30 वर गेली तरी 90 टक्क्यांची आर्द्रता 71 वर येते. भाता रोज पाच मिनिटं हलवा, बंद घड्यांतच भुरी धरते.

गाणंशिकवते (देवरुख)

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस करून मग लिहितेय.

मिठाच्या डब्यात यंत्राने 80 दाखवलं, म्हणजे माझे 91 खरे 86 होते. कपडे रद्दीवाल्याकडे असतो तसल्या हुकाच्या काट्यावर तोलले: ओले 7 किलो 200, सुके 4 किलो 900. सव्वादोन लिटरहून जास्त पाणी मी रोज वर्गाच्या खोलीत वाळवत होते, कारण पंखा तिथेच आहे. आता वलणी मागच्या पडवीत नेली, तिथे जुना टेबलफॅन लावला.

आणि दादा, पेव्हरचं तुम्ही न बघता कसं ओळखलंत! तीन वर्षांपूर्वी घातले. जोत्याची आता दोन बोटंच दिसतात. पन्हळ बसली, भिंत अजून ओलीच आहे, पण फुगे वर चढायचे थांबले.

बल्बच्या कपाटात यंत्र दुरुस्ती धरून 68 दाखवतं. पाचव्या दिवशी काळी चार आपणहून वर आली. मी तीच पट्टी पंधरा-वीस वेळा दाबून बघितली. बुरशी पुसली तेव्हा सासऱ्यांना नणंदेकडे पाठवलं होतं. काल ते दाराशी अर्धा तास बसले, खोकले नाहीत.

डीह्युमिडिफायर घेत नाही. मिस्त्री रोज म्हणतो, वॉटरप्रूफ मारून देतो, त्याला फेब्रुवारीपर्यंत थांबवलंय. चुना घरी विझवायचा की भिजवलेला तयार मिळतो, आणि चिऱ्यावर किती हात द्यायचे, हे कुणी केलं असेल तर सांगा.