घाटात क्लच स्लिप होतोय, घरी काम जमेल का?

पाचोरेकर: नमस्कार मंडळी, जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, केबलचा क्लच. गावात फिरताना काही कळत नाही पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी ओढतच नाही, अन् वर पोचेपर्यंत जळका वास. मेकॅनिक म्हणतो पूर्ण क्लच सेट टाका. जॅक आहे, पाने आहेत, मदतीला चुलतभाऊ आहे. घरी कुठवर जमेल?

केळीवाला_रावेर: सेट घ्यायच्या आधी पेडल बघ भो. हाताने दाब, पायाने कळत नाही. सुरुवातीला दीड-दोन सेंटीमीटर तरी मोकळं जायला पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. मोकळं जातच नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवतं ते) कायम दाबलेलं राहतं अन् क्लच प्लेट घट्ट पकडत नाही. प्लेट झिजली की फ्री प्ले, म्हणजे पेडलचं हे मोकळं जाणं, वाढतो असं बऱ्याच जणांना वाटतं, या टाइपच्या क्लचला उलट कमी होतो. गिअरबॉक्सकडे केबलच्या टोकाला नट असतो तो थोडा ढिला कर. मग मोकळ्या जागेत, समोर कोणी नको, हँडब्रेक ओढून अन् ब्रेक दाबून धरून, चौथा गिअर टाक, थोडी रेस देऊन क्लच सोड. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर क्लच पकडतोय. एकदाच कर, सारखं केलं तर उरलीसुरली प्लेट पण जाळशील.

पाचोरेकर: फ्री प्ले अजिबात नव्हता. नट ढिला केला, पेडल आता मोकळं जातं. पण टेस्टला इंजिन बंद पडायला वेळ घेतंय.

धुळ्याचा_मिस्तरी: मग प्लेट गेली नाहीतर तिला ऑईल लागलंय. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं खालून ओलं आहे का बघा. ओलं असेल तर आधी ऑईल सील (तेल अडवणारं कडं) बदला, नाहीतर नवीन प्लेट पण तशीच भिजेल. गिअरबॉक्स उतरवायचा तर बॅटरीची वायर काढा, गिअर ऑईल काढा, एक्सल काढा, अन् गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली झोपायचं नाही, हे मी भांडून सांगेन. गिअरबॉक्स जड असतो, हातावर पेलायच्या भानगडीत पडू नका, खाली दुसरा जॅक लावा. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही बदला. प्लेट मधोमध बसवायला अलाइनमेंटची दांडी लागते, ती नसेल तर गिअरबॉक्स परत चढता चढत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

नंदुरबारी: मे महिन्यात पत्र्याखाली हे काम? मी तर सेट स्वतः आणून ओळखीच्या गॅरेजला फक्त मजुरी देईन. जुने पार्ट मात्र मागून घ्या, अन् फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिला पकडते ती इंजिनाची जड चकती) निळे डाग किंवा चिरा आहेत का ते समोर उभं राहून बघा.

पाचोरेकर: खालून ओलं आहे, आत्ताच बघितलं. दादा, काळपट आहे, हे इंजिन ऑईल की गिअर ऑईल कसं ओळखायचं?

धुळ्याचा_मिस्तरी: वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो. तसा नसेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय असं धरून चला, ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाती लागत नाही, म्हणजे एकाच उतरवणीत दोन्ही कामं करा.